म्हातारीला शोभेल अशी गाडी

संकटाच्या वेळी आपलं कोण आणि परकं कोण हे माणसाला कळतं, असं थोर लोक सांगून गेले आहेत. हेदाच्या वाडीतल्या चिमाबाईला मागच्या पावसाळ्यात संकटाच्या वेळी जेसीबी कळला.

नाणे मावळाच्या टोकाला रस्ता संपतो, मग ओढा लागतो, आणि ओढ्यापलीकडे चढावर हेदाची वाडी आहे. शनिवार-रविवारी धबधबे बघायला येणारी मंडळी तिला डोंगराच्या कुशीतली वाडी म्हणतात. ते बरोबरच आहे. डोंगर कुशीवर वळला तर वाडी खाली सापडणार, एवढीच त्यात अडचण. दर पावसाळ्यात एकदा तरी तलाठी छत्री घेऊन ओढ्याच्या अलीकडे उभे राहतात आणि ‘वाडी खाली करा, शाळेत या’ असं ओरडून सांगतात. ओढ्याच्या आवाजात ते काही ऐकू जात नाही. पण छत्री दिसली की लोकांना कळतं.

मागच्या वर्षी छत्री दिसली तेव्हा ओढ्यावरचा साकव आधीच वाहून गेला होता. चिमाबाईचा उजवा गुडघा दुमडत नाही. उन्हाळ्यात ती काठी टेकत सगळीकडे हिंडते, पण पावसाळ्यात म्हातारी चालत नाही असं घरात ठरलेलं होतं. म्हणून तिचा मुलगा सावळा तिला पाठुंगळी घेऊन ओढ्यापर्यंत आला आणि तिथे त्याचा दम संपला. रस्त्यावरची माती काढायला जेसीबी आला होता. चालक कैलास भला माणूस. त्याने यंत्र ओढ्यातून वाडीकडच्या काठाला आणलं, वळवलं, बकेट जमिनीला टेकवलं, त्यात बारदान अंथरलं आणि म्हणाला, “बसा आजी.”

चिमाबाई बसली. पाय लांब ठेवायचा तर यंत्राकडे तोंड करूनच बसावं लागलं. कुणीतरी हातात छत्री दिली. अशी ती तोंड वाडीकडे आणि पाठ गावाकडे करून, पुरुषभर उंचीवरून ओढा ओलांडून गेली. पलीकडे निम्मं गाव जमलं होतं. निम्म्या गावाच्या हातात फोन होते. संध्याकाळपर्यंत त्या चित्रफितीला सनईचा आवाज लागला आणि चिमाबाई साऱ्या मावळाला माहीत झाली.

जीव वाचला, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. पण पुढच्या वैशाखात ती नेहमीसारखी करवंदांची पाटी घेऊन लोणावळ्याला गेली आणि स्टेशनाजवळ चिक्कीच्या दुकानाच्या पायरीशी बसली, तेव्हा काळा चष्मा डोक्यावर चढवलेली एक मुलगी थांबली.

“अय्या, या त्या जेसीबीवाल्या आजी ना?”

मुलीबरोबरची माणसं मागे वळली. फोटो निघाले. एकाने प्रेमाने विचारलं, “आजी, परत बसाल का त्यात?” करवंदं कुणी घेतली नाहीत. चिमाबाईने पाटीवर पदर टाकला आणि मिळेल त्या जीपने परत आली. ती करवंदं घरातच संपली. दोन दिवस सगळ्यांचे ओठ काळे होते. पुन्हा काही ती लोणावळ्याला गेली नाही.

त्याच आठवड्यात सावळा राबासाठी फांद्या तोडायला वाडीच्या वरच्या अंगाला गेला. राब म्हणजे रोपाच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जाळायचं; त्याशिवाय भाताचं रोप धरत नाही अशी मावळात समजूत आहे, आणि रोप धरतं. वर कातळाच्या कडेला जमिनीला एक जुनी भेग आहे. मागच्या वर्षी सावळ्याने तिच्यात हात घातला तर कोपरापर्यंत गेला होता. यंदा काखेपर्यंत गेला. हात तोच होता.

तो फांद्यांचा भारा घेऊन खाली आला, अंगणात टाकला आणि पाणी न पिताच म्हणाला, “आये, भेग वाढलीया.”

“वाढंना,” चिमाबाई म्हणाली. ती ओट्यावर पाय लांब करून तांदूळ निवडत होती.

“यंदा छत्री दिसायची वाट बगायची न्हाई. आदीच निगायचं.”

“निगा की. मी हितंच हाय.”

“जेसीबी न्हाई आनत.”

“कशापायी? आना. येक डाव बसले, आता हक्काचा झालाय त्यो.” तिने खडा उचलून लांब फेकला. “सावळ्या, मानूस तसं येकदाच जातं. दुसऱ्यानं उचलून, पाठ फुडं करून. आन् ते बगायला त्यो सोता नसतो. मला बगाया लागलं.”

“मंग मी बी जात न्हाई.”

सावळ्याची बायको निर्मला शेणाची पाटी डोक्यावर घेऊन वाफ्याकडे निघाली होती, ती थांबली. “म्हंजी मी येकटीनं शाळंत जाऊन भाकरी कुनासाटी थापायच्या?”

असं एका म्हातारीमुळे सगळं घर डोंगराखाली राहायला तयार झालं.

सावळा आणि निर्मलाचा मुलगा हृतिक तळेगावला कारखान्यात आहे, तिथेच खोली करून राहतो आणि सुटीला घरी येतो. त्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, “त्यात काय? आजी मानानं बसंल अशी गाडी घेऊ. सेकंडहँड. नाहीतरी मला गाडी घ्यायचीच होती.” यातलं शेवटचं वाक्य पूर्ण खरं होतं.

हृतिकने अभ्यास सुरू केला. संकटात कोणती गाडी उपयोगी यावर फोनमध्ये पुष्कळ ज्ञान आहे. एक लाल दाढीवाला परदेशी माणूस जग बुडाल्यावर पळून जायला सहा चाकांची गाडी वापरणार होता. तिला इंधनाच्या दोन टाक्या होत्या, पुढे दोर ओढणारं चाक होतं, वर तंबू होता. हृतिकने ते बापाला दाखवलं.

“ह्यो जानार कुटं?” सावळ्याने विचारलं.

“डोंगरात.”

“आन् आमी डोंगरातनं पळायलोय.” सावळा बराच वेळ बघत राहिला. “धान्य किती भरलंय त्यानं!”

“सात वर्षांचं आहे त्याच्याकडं.”

“आपल्याकडं दिवाळीपातूर हाय,” सावळा म्हणाला. त्याला त्या माणसाचा हेवा वाटला नाही. एवढ्या तांदळाला सोंडे लागत कसे नाहीत, एवढीच त्याला शंका होती.

पुढच्या सुटीला हृतिक तळेगावहून एक पांढरी कार घेऊन आला. विकणाऱ्याने बघायला दिली होती. ओढा तेव्हा कोरडा होता. गाडी त्यात उतरली आणि मधल्या दगडावर पोट टेकून बसली. हाका ऐकून वाडी खाली आली. चिमाबाईही काठी टेकत उतरली, अर्ध्यावरच्या धोंड्यावर दोनदा बसली आणि शेवटी पोचली.

गाडी बघून म्हणाली, “गाभनी हाय का ही? प्वॉट किती खाली.”

“आजी, आत एसी आहे.”

“आसंल. उटवा आता तिला.”

चार जणांनी गाडी उचलून दगडावरून काढली. चिमाबाई चढून वर गेली.

दुसऱ्या सुटीला मोठी जीप आली. तिचं पोट उंच होतं, चाकं माणसाच्या कमरेला लागत होती आणि बॉनेटच्या बाजूने एक काळं नळकांडं वर टपापर्यंत गेलं होतं. ओढा तिने असा ओलांडला की तिला ओढा होता हे कळलंसुद्धा नाही. पण वाडीचा चढ अरुंद, दोन्ही अंगांना बांध, जीप मावेना. पुन्हा चिमाबाईच खाली आली.

“हे नाकाडं बघ आजी,” हृतिक म्हणाला. “गाडी पाण्यात बुडाली तरी ह्यातनं श्वास घेते.”

“गाडी घेती. आमी?”

याचं उत्तर लाल दाढीवाल्याने दिलेलं नव्हतं. हृतिकने दार उघडलं. पायरी मांडीइतकी उंच होती. डावा पाय चिमाबाईने ठेवला, उजवा वळेना. हृतिकने खालून आधार दिला, जीपवाल्याने आतून दंड धरला, आणि म्हातारी दारात अडकली, अर्धी आत, अर्धी बाहेर, लुगड्याचा काष्टा सुटायच्या बेताला आलेला. सावळ्याचा चुलतभाऊ हौशीराम बांधावर बसून तंबाखू मळत होता. तो मळायचा थांबला.

“सोडा,” चिमाबाई शांतपणे म्हणाली.

त्यांनी सोडलं. तिने काष्टा नीट केला, काठी मागितली आणि वर गेली. हृतिकने जीप परत नेताना आरसा बांधाला घासला.

तिसऱ्या वेळी हृतिकने फार विचार केला होता. मागचं दार रुंद, तळ खाली, आत पाय लांब करून बसता येईल, नव्हे, झोपता येईल अशी गाडी त्याने शोधली. सगळ्या कसोट्यांना ती उतरत होती. ती एका दवाखान्याने मोडीत काढलेली रुग्णवाहिका होती.

ती ओढ्याकाठी येऊन उभी राहिली. हौशीरामने डोक्यावरची टोपी काढली.

“घाल ती टोपी,” चिमाबाई म्हणाली. “आजून गेले न्हाई मी.”

“न्हाई काकू, घाम पुसत होतो.”

“हिच्यातनं गेल्यालं मानूस हिच्यातनं माघारी आल्यालं दाव मला येक.”

“अगं आजी,” हृतिक कळवळून म्हणाला, “बरे होतात ते एसटीनं येतात!”

“मंग मी येष्टीनंच जाते.”

ती वळली आणि वर गेली. आता ती मधल्या धोंड्यावर बसली नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे गाडीकडे बघत होते.

ओढ्यावर त्या उन्हाळ्यात नवा साकव झाला होता. चांगला लोखंडी, दोन्ही बाजूंना कठडा. पण त्याची फीत कापायला ज्यांनी यायचं त्यांना वेळ मिळत नव्हता, आणि फीत कापल्याखेरीज वापरू नका असं सांगून ठेकेदाराने दोन्ही टोकांना बाभळीच्या फांद्या रचल्या होत्या. वाडीला त्यात काही वावगं वाटलं नाही. आधी साकव नव्हता. आता साकव होता आणि बंद होता. पाऊल भिजायचं तसं भिजणार होतं.

मृगात रोपं टाकून झाली. सावळ्याचे बैल मागच्या हिवाळ्यात विकले गेले होते. भात लावण्याआधी खाचरात चिखल करायचा तर हौशीरामचे बैल मागायचे. हौशीराम देत असे, नाही म्हणत नसे; पण बैल देताना तो बैलांच्या पाठीवरून असा हात फिरवायचा, जणू लेक सासरी चाललीय, आणि संध्याकाळी परत घेताना त्यांचे खूर एकेक उचलून बघायचा. सावळ्याला ते बघत उभं राहावं लागे.

जेवताना पुन्हा गाडीचा विषय निघाला. हृतिक आता छोट्या टेम्पोवर आला होता. निर्मला भाकरी भाजत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि पाठमोरीच म्हणाली, “टिलर घ्या.”

“काय?”

“पॉवर टिलर, दांड्या धरून नांगरायचं यंतर. मागं ट्रॉली जोडत्यात त्याला. वडा वलांडतो, चढ चढतो, दाराम्होरं येतो. चिखल बी करंल आन् आत्याबाईंना बी न्हील.”

हृतिकचा घास हातात राहिला. “आई, त्याला स्पीड किती असतं माहीतंय?”

“डोंगुर आल्यावर पळायचंय का? येयच्या आदी निगायचंय ना?”

सावळ्याने भाजीतली मिरची बाजूला काढली. त्याच्या डोळ्यांपुढे हौशीरामचे बैल आले, मागून हौशीराम आला, आणि तो म्हणाला, “टिलर बरा.”

हृतिकने कारखान्यातल्या मित्रांना चार चाकांवर जोर असलेली गाडी घेतोय असं सांगून ठेवलं होतं. टिलरला चाकं दोन असतात. ट्रॉलीची दोन धरली तर चार होतात. तेवढं समाधान त्याने करून घेतलं.

टिलर आला. हृतिक ट्रॉलीच्या पुढच्या बैठकीवर, दोन लांब दांड्या हातात धरून, तोंडावर रुमाल बांधून बसला होता. हौशीराम खालच्या गावात भेटला तो वाडीपर्यंत शेजारून चालत गप्पा मारत आला. मध्ये तो झाडाआड जाऊन आला आणि त्याने टिलरला पुन्हा गाठलं.

“लय भारी गाडी,” तो म्हणाला. “बोलता येतं हिच्यासंगं.”

सावळा पावसाळ्याआधी लोणावळ्याच्या बाजूला एका बंगल्यावर झाडं छाटायला जातो. तिथल्या बाईंनी एक हात मोडलेली वेताची खुर्ची फेकायला काढली होती. ती त्याने मागून आणली, मोडका हात सुतळीने बांधला, आणि ट्रॉलीच्या हौद्यात मधोमध, तोंड पुढे करून, नायलॉनच्या दोरीने चारी पायांना जखडली. पुढे पाय टेकायला दुधाचा प्लॅस्टिकचा क्रेट उपडा ठेवला. निर्मलाने टिलरच्या नाकावर हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. ट्रॉलीचं फळकं पाडून ते ओट्याला टेकवलं की ओट्यावरून थेट हौद्यात जाता येत होतं. चढायचं नाही, उचलायचं नाही.

चिमाबाई काठी टेकत ओट्यावरून हौद्यात गेली. खुर्चीत बसली. उजवा पाय क्रेटवर ठेवला. मागे टेकून पाहिलं. वेत कुरकुरला. सगळं घर तिच्या तोंडाकडे बघत होतं.

“फुडं घे,” ती म्हणाली.

ओढा ओलांडून, गावातून, शाळेच्या मैदानाला वळसा घालून टिलर फिरला. धुराड्यातून काळा धूर, इंजिनाचा फटफटाट, आणि वर चिमाबाई, स्वतःची छत्री स्वतः धरून. पारावरच्या पोरांपैकी एकाने सवयीने फोन वर केला आणि मग आजीने बघितलं म्हणून खाली घेतला.

“काड की,” चिमाबाई म्हणाली. “म्होरनं काड. मागच्या टायमाला पाठ आलती.”

घरी आल्यावर तिने खुर्चीतूनच निकाल दिला. “हां. ही बरी.”

सावळ्याला त्या रात्री गाढ झोप लागली. भेग होती तिथेच होती.

आषाढ लागला आणि पावसाने धरलं. आवण, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली. टिलरची रबरी चाकं काढून खाचरात चालायची लोखंडी पात्यांची चाकं चढवली, ट्रॉली अंगणात सोडून ठेवली. हृतिकने आठवड्याची रजा काढली होती. तो मांड्यांपर्यंत चिखलात, टिलरच्या दांड्या धरून खाचरात फिरत होता. यंत्राच्या हादऱ्याने त्याचे हात रात्री भाकरी मोडतानाही थरथरायचे. मागे निर्मला आणि वाडीतल्या बायका वाकून रोपं लावत होत्या, पाठीवर प्लॅस्टिकची इरली. हौशीरामचे बैल गोठ्यात रवंथ करत होते. हौशीराम रोज बांधावर येऊन चिखल बघून जायचा. एकदा त्याने विचारलं, “आमची बी दोन खाचरं करून देशील का रं?” आणि सावळा म्हणाला, “देऊ की.” मग हौशीराम गेल्यावर त्याने टिलरच्या पात्यांवरचा चिखल हाताने निपटून काढला, एकेक पातं बघत.

तिसऱ्या खाचराचा चिखल निम्मा झाला होता तेव्हा, भर दुपारी, ओढ्याच्या पलीकडे छत्री दिसली.

पाऊस इतका होता की छत्रीखाली तलाठी आहेत की नुसतीच छत्री आहे ते कळत नव्हतं. सावळ्याने वर डोंगराकडे बघितलं. डोंगर दिसत नव्हता, ढगात होता. वरून येणारं पाणी मात्र लाल झालं होतं.

“टिलर काडा!” तो ओरडला.

टिलर खाचरातून निघाला, अंगणात आला, आणि मग सगळ्यांना आठवलं की त्याला लोखंडी चाकं आहेत. त्यांच्यावर ट्रॉली ओढत ओढ्यातल्या दगडांवरून जाता येणार नव्हतं. रबरी चाकं चढवायला लागणार होती. पाना घरात सापडला. एक नट चिखलाने असा बसला होता की पाना घसरून सावळ्याच्या बोटांची साल निघाली. हृतिक पान्यावर उभा राहिला. नट ढिम्म. निर्मलाने चुलीतलं जळतं लाकूड आणून नट तापवला, नंतर तिघं मिळून लोंबकळली, आणि तो एकदाचा फिरला.

तोवर ट्रॉली भरत होती. वाडीत गाडी एकच. भावकीला नाही कोण म्हणणार? आधी सावळ्याच्याच घरचे तांदळाचे कट्टे ठेवले, ते योग्यच होतं. मग हौशीरामचे आले. टीव्ही आला, गोधडीत गुंडाळलेला. दोन शेळ्या आल्या, त्यांच्या मागून करडं आली. कोंबड्यांची डालगी. कुणाची तरी शिलाई मशीन. देव आले, तांब्याच्या ताटात, त्यांना टीव्हीवर ठेवलं. वेताच्या खुर्चीभोवती सगळी वाडी रचली गेली. खुर्ची तेवढी रिकामी ठेवली होती. सगळ्यांना माहीत होतं ती कुणाची.

चाक चढलं, ट्रॉली जोडली. “आये, चल,” सावळा म्हणाला.

चिमाबाई ओट्याच्या कडेला आली. तेव्हा हौशीरामच्या घरातून त्याची सून पायल बाहेर पडली. ती बारा दिवसांची बाळंतीण होती. डोक्याला फडकं बांधलेलं, कुशीत बाळ, अंगावर प्लॅस्टिक. तिचा नवरा विक्की लोणावळ्याला हॉटेलात कामाला. तो रस्त्यापलीकडे कुठेतरी अडकला होता. पायल चढावरून खाली जायला निघाली होती, भिंतीला धरत.

“ए पोरी, कुटं निगाली?”

“जाते की चालत, आजेसासूबाई. सगळे चाललेत.”

“वडा तुडुंब हाय आन् बाळंतीन वाहत्या पान्यात पाय घालती व्हय? हौशा, तुला कायी अक्कल?”

हौशीराम टीव्हीवरचे देव धरून उभा होता. “मी म्हनलो काकू, पर जागा—”

“जागा ही काय.” चिमाबाईने काठीने खुर्ची दाखवली. “बस पोरी. पाय क्रेटवर ठेव. पोराचं तोंड झाक.”

“आन् तू?” सावळा म्हणाला. “आये, तुज्यासाटी क्येलंय समदं!”

“माज्यासाटीच क्येलंय म्हनून मी सांगती कोन बसायचं ते.”

पायल बसली. हृतिकने यंत्राची दोरी ओढली, टिलर फटफटला. चिमाबाईने इरलं डोक्यावर घेतलं, काठी उचलली आणि बांधाच्या वाटेने खाली निघाली, उन्हाळ्यात गाड्या नाकारायला गेली होती त्याच वाटेने. धोंड्यापाशी ती थांबली नाही. खाली आल्यावर ओढ्याकडे न वळता ती साकवाकडे वळली, बाभळीच्या फांद्या काठीने एकेक करून ओढ्यात ढकलल्या आणि साकवावर चढली. कठडा दोन्ही हातांना मिळत होता. खालून लाल पाणी जात होतं.

मध्यावर जाऊन तिने मागे बघितलं. निर्मला, बायका, पोरं, सगळी वाडी ओढ्याच्या काठी उभी होती.

“बगता काय? या की,” ती म्हणाली.

“फीत कापली न्हाई अजून,” कुणीतरी म्हणालं.

“मंग वाकून या.”

लाल फीत साकवाच्या पलीकडच्या टोकाला होती, भिजून लोंबलेली. वाडी तिच्याखालून वाकून गेली.

टिलर ओढ्यात उतरला तेव्हा पाणी चाकांच्या आसाला होतं. सावळा पुढे गुडघ्याएवढ्या पाण्यात, हातात दोर, पायाने दगड चाचपत. हौशीराम मागे ट्रॉलीला खांदा लावून. हृतिकने दांड्या अशा धरल्या होत्या की बोटं पांढरी पडली. मध्ये एकदा डावं चाक खाली गेलं, ट्रॉली कलली, करडं ओरडली, आणि पायलने बाळासकट खुर्चीचा सुतळी बांधलेला हात धरला. सुतळीने धरलं. टिलर घुरघुरला, अडला, मग हळूच, म्हशीसारखा, वर निघाला. काठावर आल्यावर हौशीरामने त्याच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.

“श्याना हाय,” तो म्हणाला. आपल्या बैलांविषयी तो असंच बोलायचा.

शाळेत ते पोचले तेव्हा व्हरांड्यात चूल पेटली होती. चिमाबाई दगडावर पाय लांब करून बसली होती आणि चहा उकळत होता. तिने पायलला हाताला धरून आत नेलं, कोरड्या कोपऱ्यात बसवलं, बाळाच्या टाळूला हात लावून बघितलं.

“गाडी बरी हाय,” ती बाहेर येऊन हृतिकला म्हणाली. “जरा दमानं येती, येवढंच.”

हृतिक भिंतीला टेकून बसला. चहा कढत होता. सावळ्याने बशीत ओतून दिला. बाहेर पाऊस पत्र्यावर आदळत होता. शेळ्या बाकांखाली शिरल्या होत्या. देव फळ्याखाली ठेवले होते. हौशीराम टीव्हीची गोधडी सोडून तो भिजला का बघत होता. निर्मला भाकरीचं पीठ मळत होती आणि सगळ्यांचं सगळं जागेवर होतं.

रात्रभर डोंगराकडे कान लावून सावळा जागा राहिला. चिमाबाई घोरत होती.

दरड आली नाही. सकाळी ऊन पडलं, भेग होती तेवढीच होती, आणि बायका राहिलेलं खाचर लावायला साकवावरून परत गेल्या. टिलर मात्र शाळेच्या मैदानात रात्रीत आसापर्यंत रुतून बसला होता. तो काढायला दुपारी कैलासचा जेसीबी आला.